जन्मताना पडलेला शब्द

मी स्पॅनिशचा एक जाडजूड शब्दकोश बोलतोय. जगाला अर्थ सांगणं हा माझा धंदा. पण आज जे सांगायचंय, ते सांगताना मान वर होत नाही.

माझी मालकीण स्पॅनिशची शिक्षिका. तिची धाकटी बहीण बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर बाई मला मांडीवर घेऊन पेपर तपासत होत्या. नर्स आली. मुलगी झाली, आई मात्र गेली, म्हणाली. तिनं दुपट्यातलं बाळ पुढे केलं. बाईंनी हात पुढे केले नाहीत.

"करंटी कुठली! आईला गिळून आली," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

पुढे बाईंनीच भाचीला वाढवलं. वेण्या घातल्या, पाढे घेतले, सायकलमागे धाप लागेस्तोवर धावल्या. तो शब्द मात्र आम्ही दोघंही गिळून बसलो.

भाची एकोणीस वर्षांची झाली, स्पॅनिश शिकू लागली. एका दुपारी मला उघडून म्हणाली, "मावशी, 'दिचा' म्हणजे सुदैव. आणि मूळ बघ ना! लॅटिनच्या 'दिक्ता'पासून आलाय. म्हणजे बोललेलं. बाळ जन्मताना देवता जे बोलतील तेच त्याचं नशीब, असं लोक मानायचे म्हणे." मग सहज विचारलं, "माझ्या वेळी कोण काय बोललं गं?"

बाईंच्या हातातली इस्त्री थांबली. "मला काय आठवतंय? शब्दकोशात लिहिलेलं सगळंच खरं नसतं."

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. ते पान मीच तर पुढे केलं होतं.

कापड करपल्याचा वास सुटला. बाईंनी इस्त्री बंद केली आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं.

भाचीनं मला मिटून बाजूला ठेवलं. "मग मला घेतलंस कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

"तोवर कोणी घेतलं?"

"त्या नर्सनं."

"ती काय म्हणाली होती?"

"मी... मी ऐकलंच नाही गं."

भाची मला घेऊन वसतिगृहात राहायला गेली. बाईंचा फोन येतो. ती उचलते, जेवलीस का विचारते, ठेवते.

मी ऐकलं होतं. त्या बाकापाशीच दुपटं सारखं करत नर्स त्या इवल्याशा कानाशी म्हणाली होती, "गुणाचं गं माझं बाळ." पोटात हजारो शब्द असून हे चार मला सांगता येत नाहीत. तुम्हाला तोंड आहे. ती कुठे भेटली, तर तेवढं सांगाल तिला?