सावलीतली रांग

संवत छपन्नच्या दुष्काळात नागरा गावाच्या पलीकडं इंग्रज सरकारनं तलावाचं काम काढलं आणि देवचंदाला मुकादम नेमलं, तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले होते. पार, म्हणजे तलावाचा बांध, कुठून घालायची, कुठली माती पाणी धरते, हे त्याला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

पण कामावरच्या साहेबानं त्याच्या गळ्यात आणखी एक काम घातलं. रोज सकाळी येणाऱ्या माणसांच्या दोन रांगा लावायच्या. धडधाकटांनी खड्ड्यात उतरायचं, माती काढायची आणि संध्याकाळी दाणे घेऊन जायचे. खंगलेल्यांनी मोहाच्या सावलीत बसून पेज प्यायची. सावलीत माणसं किती, ते वरून ठरून आलं होतं. त्यात एकही जास्तीचं बसत नव्हतं.

साहेब घोड्यावरूनच म्हणाला होता, "जो मर सकता है, उसको बैठाओ. बाकी सब से काम लो. और कुछ मत देखो."

देवचंदानं दुसरं काही पाहिलं नाही. माणूस समोर आला की तो खाली बसायचा आणि उपाशानं सूज आली का ते बघायला त्याच्या घोट्यावर अंगठा दाबायचा. मातीत पडावा तसा खड्डा राहिला की माणूस सावलीत. कातडी वर आली की खड्ड्यात. बायका पाया पडायच्या, म्हातारे शिव्या द्यायचे. त्याचा चुलत भाऊ भैय्यालाल सोंग घेत डोळे पांढरे करून जमिनीवर आडवा झाला, तर देवचंदानं त्याला काखेत धरून उठवलं आणि हातात कुदळ दिली. संध्याकाळी घरी आला की अंग तुटायचं, पण जेवताना त्याची मान ताठ असायची.

"लोकं म्हणतात तू दगडाचा होय," त्याची बायको सुशीलाबाई म्हणाली.

"म्हणू दे. मी माणसामाणसात फरक करून राहिलो, पण तो पायाच्या सुजेवरून. उद्या माझे पाय सुजले तं मी बी सावलीत बसीन."

त्याचे काका, उमराव, जातपंचायतीचे मुख्य. एका संध्याकाळी ते ओसरीवर येऊन बसले. देवचंदाची मुलगी सुमित्रा त्यांच्या बायकोच्या माहेरी द्यायची ठरली होती. तिनं पाणी आणून ठेवलं. उमरावांनी ते प्यायलं नाही.

"देवा, आपल्या हुकमानं माती निघत होती, तवा गोंडं टोपल्या वाहत होते. आज माझी सून नंदाबाई खड्ड्यात उभी. वरून गोंडीण रिकामी टोपली टाकते अन्‌ माझी सून झेलते. हे दिसत नाही तुले?"

"काका, तिच्या अंगात ताकद आहे."

"अन्‌ सावलीत कोण बसून राहिलं? गोंडं!"

"त्यायचे पाय सुजले."

"त्यायले सवय आहे उपाशाची. आपल्याले नाही. हा फरक देवानं केला, मी नाही. तू तं रोजच फरक करतेस ना? मंग आपल्या माणसायसाठी केला तं कोणता पाप होते?"

उमराव उठले. जाता जाता सुमित्राकडं बघून म्हणाले, "पोरगी मोठी झाली. सोयरीक मोडली तं कोण करंल मंग?"

सकाळी देवचंदानं नंदाबाईला सावलीत बसवलं. तिच्या बांगड्या भरल्या मनगटात रुतल्या होत्या. मान खाली घालून ती पेजेकडं बघत राहिली. तिच्यामागं आणखी दोघीतिघी जातीच्या बायका आल्या, त्याही बसल्या. मग सावली भरली.

तेव्हा रुख्मा आली. सालेकश्याकडची गोंडीण, नवऱ्याच्या, मंगरूच्या, खांद्यावर हात ठेवून चालत आली होती. मंगरू उंचापुरा, अजून काम ओढणारा. त्यानं बायकोला मोहाखाली नेऊन बसवलं आणि कुदळ उचलून खड्ड्याकडं वळला.

"थांब," देवचंद म्हणाला. "हिलेबी घेऊन जा."

मंगरूला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. रुख्मानं लुगडं वर करून पाय पुढं केला.

"काल तुमीच दाबून पाह्यलं ना जी. रातभरात बरी झालो का मी?"

देवचंद खाली बसला नाही. "आज तू बरी दिसून राहिलीस."

"दाबून तं पाहा जी."

"जागा नाही. ऊठ."

तिनं सावलीतल्या नंदाबाईकडं पाहिलं. नंदाबाईनं पदर तोंडावर ओढला. रुख्मा उठली आणि नवऱ्यामागं उतारावरून गेली.

देवचंद दिवसभर पारेच्या दुसऱ्या टोकाला राहिला. तिकडं काम नव्हतं. मंगरू बायकोच्या टोपलीत माती अर्धीच भरायचा. ते बघून भैय्यालाल ओरडला, "अर्धी टोपली चालत नाही! सायेब मोजते!" ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती भरली टोपली घेऊन चढावर गुडघ्यावर बसली. माणसं तिच्या बाजूनं जात राहिली. टोपली डोक्यावरून घसरली, माती तिच्या छातीवर पडली, आणि ती झटकायला तिचा हात उठला नाही.

मंगरूनं तिला उचलून सावलीत आणलं. रांगेतली माणसं बाजूला सरकली. आता जागा निघाली.

योगायोगानं साहेब त्याच दिवशी आला. घोड्यावरून उतरला, काठीच्या टोकानं तिचं लुगडं घोट्यापासून सरकवलं आणि अंगठ्यानं दाबलं. मेलेल्या कातडीतही खड्डा राहिला.

"यह गड्ढे में क्यों थी?"

देवचंदाच्या तोंडून शब्द सहज आले, जणू कोणी आधीच तयार करून ठेवले होते. "हुजूर, अपने मन से गयी. दाने ज्यादा मिलते हैं ना. लालच."

साहेबानं मंगरूकडं पाहिलं. "सच है?"

मंगरूनं देवचंदाकडं पाहिलं, मग संध्याकाळच्या दाण्यांच्या पोत्याकडं. घरी त्याची म्हातारी आई होती.

"हो जी," तो म्हणाला. "लालच."

साहेब गेल्यावर देवचंद त्याच्याजवळ गेला. "उद्यापासून तू सावलीत बस. मी जागा ठेवतो."

"मी धडधाकट आहो," मंगरू म्हणाला. "मले कायले बसवता?"

दाणे घेऊन, बायकोला खांद्यावर टाकून तो निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाडीतलं कोणीच कामावर आलं नाही. ती माणसं कचारगडच्या रानात कंदमुळं उकरायला गेल्याचं कळलं. त्यातली किती परतली, ते देवचंदानं विचारलं नाही.

सोयरीक टिकली. उमराव त्याच ओसरीवर बसून पाणी प्याले. सुशीलाबाईनं लग्नाचे तांदूळ निवडले, पण त्यानंतर ती नवऱ्याला दगडाचा म्हणाली नाही. ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

आणि रांगेत एक बदल झाला. देवचंद अजूनही खाली बसायचा, अंगठा पुढं करायचा. पण माणसं पाय पुढं करायच्याआधी आपली जात सांगायची.

पाऊस लांबला होता, तेव्हा कोहमाऱ्याकडून एक म्हातारी आली. काठीवर रेलून उभी राहिली. "मी तुमच्याच जातीची होय, बापा," ती हळूच म्हणाली. तिच्या हातांवर, मानेवर गोंडांचं गोंदण होतं, निळं, दाट, कोणालाही दिसेल असं. तिचे घोटे सुजून तुकतुकीत झाले होते. अंगठा लावायचीही गरज नव्हती. सावलीत त्या दिवशी एक जागा रिकामी होती.

देवचंदानं गोंदण पाहिलं आणि त्याला एकदम हायसं वाटलं. या वेळी खोटं तिचं होतं, त्याचं नव्हतं.

"खोटं बोलून राहिलीस," तो म्हणाला. "टोपली उचल."