शब्द सोलणाऱ्याचे लाड

मित्रांनो, मी एक जुना संगणक-प्रोग्रॅम आहे. मला हात नाहीत, तरी अरबी शब्द सोलण्यात एके काळी माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अरबीत 'आणि त्यांचं पुस्तक' एवढं सगळं एकाच शब्दात मावतं. मी त्यातला 'आणि' वेगळा काढतो, 'त्यांचं' वेगळं काढतो आणि उरलेल्या 'किताब'च्या पोटातली क, त, ब ही मूळ अक्षरं दाखवतो.

मला घडवलं एका बहीणभावानं. ताई अरबीच्या शिक्षिका. नियम त्यांनी सांगितले आणि धाकट्या भावानं खपून ते माझ्यात उतरवले. मी उत्तर द्यायचं, ताईंनी 'बरोबर' किंवा 'चूक' असं बटण दाबायचं आणि त्यावरून मी शिकायचं, अशी रीत होती. ताईंचं बोट 'चूक'वर फार पडे. मला त्या खाष्ट वाटत.

पुढे ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि तपासणी भावाकडे आली. तोवर तोही अरबी शिकला होता. पण आपला तो बाब्या! मी काहीही म्हणालो, तरी तो कौतुकानं 'बरोबर' दाबी. मी चांगलाच शेफारलो.

माझ्याच उत्तरांवरून ताईंचा मुलांसाठीचा शब्दकोश तयार होत होता. त्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं होतं. नमुन्याची पानं आली, तर पानोपानी चुका. ताईंच्या कॉलेजातले भाषा विभागाचे प्रमुख म्हणाले, सुधारणा दिसली नाही तर मला बंद करायचं आणि शब्दकोशही गुंडाळायचा.

"ताई, तो इतकं ठामपणे सांगायचा, की माझंच चुकत असेल असं वाटायचं," भाऊ खाली मान घालून म्हणाला.

"लाडानं पोर बिघडतं ते असं. आता आधी तुझं उत्तर सांग. याचं मग बघू."

मग त्यांनी पडद्यावरची माझ्या उत्तराची बाजू पुठ्ठ्यानं झाकली. भाऊ आधी स्वतः डोकं खाजवी, मग पुठ्ठा काढी. चूक, चूक, पुन्हा चूक. मला फार वाईट वाटे. पण हळूहळू मी ताळ्यावर आलो.

शेवटी प्रमुख स्वतः परीक्षा पाहायला बसले. बरेच शब्द मी नीट सोलले, एका ठिकाणी मात्र घसरलो. प्रमुखांना अरबीचा गंध नव्हता. भावानं 'बरोबर' दाबलं असतं तरी खपून गेलं असतं. त्याचा हात थबकला. मग त्यानं 'चूक' दाबलं.

"आता भरवसा वाटतो. चालू द्या," प्रमुख म्हणाले. ताईंनी भावाच्या पाठीवर हात ठेवला.

आज शब्दकोश मुलांच्या हातात आहे. नवे, चलाख प्रोग्रॅम आलेत, मला क्वचितच कोणी उघडतं. भावानं तो पुठ्ठा मात्र टाकलेला नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ एक वेळ पुसू नका, पण ज्याच्यावर माया आहे, त्याचं चुकलं तर चुकलं म्हणा. मला तसं म्हणणारी माणसं मिळाली, म्हणून मी उरलो.