बोट कीवरचा नारळ

हात उगारायच्या आधी प्रबोध घड्याळ काढायचा. सोनेरी काट्यांचं, बँकेनं दिलेलं. त्याची काच फुटू नये म्हणून. पट्टा सोडायचा, घड्याळ खिशात सरकवायचा आणि मोकळं झालेलं मनगट दोनदा चोळायचा. सिंगापुरात, बिशानच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ही खूण नीताला पाठ होती, आणि सहा वर्षांच्या राधिकाला तर तिच्याही आधी कळायची. पट्टा टक् वाजला की राधू बाथरूममध्ये जायची, नळ पूर्ण सोडायची आणि बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर यायची नाही. पाण्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही, हे तिनं तिचं तिनंच शोधून काढलं होतं.

‘माझ्यावर उठतो तो हात उठू दे,’ नीता मनाशी म्हणायची. ‘पण राधूवर उठला, त्या दिवशी...’ वाक्य तिथंच तुटायचं. त्या दिवशी काय, हे तिलाही माहीत नव्हतं. तो दिवस अजून आला नव्हता, आणि तो येऊ नये यासाठीच ती आमटीत मीठ चाखून चाखून घालत होती.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये चिनी लोकांच्या भुतांच्या महिन्याची पौर्णिमा आणि आपली नारळी पौर्णिमा एकाच दिवशी आली. प्रबोधच्या साहेबांनी, जगदीश सरांनी, नेमकी तीच संध्याकाळ साधून सगळ्या डिपार्टमेंटची सहकुटुंब सहल ठरवली. नदीकाठच्या जुन्या वस्तीत गाईड घेऊन भुताटकीच्या जागा बघत फिरायचं, मग जेवण.

“कोणी काही विचारलं तर हसायचं,” प्रबोधनं निघताना बजावलं. “इथं कायम राहायचं तर पीआर हवं, आणि त्या अर्जाला सरांचं पत्र लागणार आहे. आणि हे बघ, ते तुमचं कोळीवाड्याचं काही काढू नकोस तिथं.”

‘तुमचं’ म्हणाला. त्याचा स्वतःचा आजोबा करंजाचा नाखवा, दोन होड्यांचा मालक. पण ऑफिसात प्रबोध ‘मुंबईचा’ होता, आणि त्याच्या घरी म्हणे कोणी मासळीही खात नव्हतं.

नीता हसली. आणि राधूच्या स्वेटरखाली, पिशवीच्या तळाशी, शेंडीचा नारळ ठेवला. सकाळीच लिटिल इंडियातून आणून देवापुढे ठेवलेला, कुंकू लावलेला. रेवदंड्याहून आईचा फोन आला होता, “नारल दिलास का गो दर्याला?” दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, आणि नारळ देताना बायकांनी मागायचं ते एकच: घरधनी सुखरूप परत येऊ दे. या नदीत काही टाकलं तर दंड होतो. पण ही नदी पुढे समुद्रालाच मिळते. अंधारात, पायऱ्यांवर वाकून, हळूच सोडला तर कोणाला कळणार होतं?

तिन्हीसांजेला बोट कीवर, नदीच्या जुन्या धक्क्यावर, दिवे लागत होते. फुटपाथच्या कडेला ठिकठिकाणी उदबत्त्या पेटवून भुतांसाठी संत्री, भात, चहाचे पेले मांडून ठेवले होते. गाईड होत्या मॅडम कोह. साठीच्या, काटक, पांढरे केस कापलेल्या. त्यांनी प्रत्येक कुटुंबाला एक लाल कागदी कंदील दिला, आत बॅटरीचा दिवा.

“नियम दोनच,” त्या म्हणाल्या. “फुटपाथवरचं ताट ओलांडायचं नाही, ते जेवण तुमचं नाही. आणि आज मी तुम्हाला घाबरवणार आहे. तुमच्यात मिसळून चालणारी काही माणसं माझी नटमंडळी आहेत, ओळखू येणार नाहीत. पण भीती खरीच सहन होईना झाली, तर कंदील डोक्यावर धरायचा. मी येईन. मी आले की खेळ संपला.”

“मी धरणार लाह!” शाळेत उचललेल्या सिंगापुरी ढबीत म्हणत राधूनं कंदील घेतला.

मॅडम कोह सांगायला लागल्या तसे घोळक्यातले लोक एकमेकांना चिकटले. या काठाला होड्या लागायच्या, नाकावर डोळे रंगवलेल्या, अंधारात वाट दिसावी म्हणून. नीतानं कान टवकारले. तिच्या आज्याच्या होडीलाही डोळे होते. हमाल फळीवरून पोती वाहायचे, हातात लोखंडी आकडा. एका टोळीनं दुसऱ्या टोळीच्या धक्क्यावर पाय ठेवला, की तोच आकडा पोत्याऐवजी मानेत जायचा. “एकदा इथं, याच दगडांवर, एकाचा गळा कानापासून कानापर्यंत उघडला. तो दोन्ही हातांनी गळा मिटून धरून चालत राहिला. या बोळापर्यंत आला. अजूनही येतो...”

आणि बोळातून उघड्या अंगाचा एक माणूस आकडा उगारून किंचाळत आला, गळ्यातून लाल रक्त ओघळत. बायका ओरडल्या. जगदीश सर उडी मारून आपल्या बायकोच्या, लतावहिनींच्या, मागे लपले आणि सगळे पोट धरून हसले.

“हे रक्त खरं?” राधूनं मॅडम कोहना विचारलं.

“रोझ सिरप,” त्या तिच्या कानात म्हणाल्या. “चाटलं तर गोड लागतं. खऱ्याला लोखंडाचा वास येतो.”

घोळका पुढे गेला. नीता मागे रेंगाळली. समोरच नदीच्या पायऱ्या होत्या, खाली काळं पाणी, त्यात पौर्णिमेचे तुकडे. तिनं स्वेटर बाजूला केला, नारळ कपाळाला लावला. ‘घरधनी...’ तिनं मनात सुरुवात केली आणि का कोण जाणे, पुढचे शब्दच येईनात.

“काय चाललंय?”

प्रबोध मागे उभा होता. त्यानं नारळ पाहिला, कुंकू पाहिलं. तोंडावर ऑफिसचं हसू तसंच ठेवून त्यानं तिचा दंड धरला आणि तिला नटमाणूस आला होता त्याच बोळात ओढलं. राधू कंदील घेऊन मागोमाग धावली. ओढताना त्याच्या बुटाखाली फुटपाथवरचं ताट आलं, संत्रं फच्चकन फुटलं, भात उडाला.

“सांगितलं होतं ना? सांगितलं होतं ना तुला?”

“अहो, हळू. नुसता सोडणार होते, कोणी बघत...”

टक्. पट्टा सुटला. घड्याळ खिशात गेलं.

राधूनं इकडेतिकडे पाहिलं. इथं बाथरूम नव्हतं, नळ नव्हता.

पहिली थप्पड कानावर बसली. नीताचं डोकं भिंतीवर आपटलं, कानात एक लांबच लांब शिट्टी सुरू झाली. दुसऱ्या फटक्यानं ओठ दातांवर चिरला. त्यानं तिचे केस मुठीत धरून तिला गुडघ्यांवर आणलं. “कोळीण ती कोळीणच! माझी अब्रू नदीत सोडायला निघालीस!” लाथ बरगडीत बसली तेव्हा तिचा श्वासच अडकला. आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी लाल कंदील जमले.

घोळका परत आला होता. नीतानं रक्ताळलेलं तोंड वर केलं, हात पुढे केला. “सर... वाचवा...”

कंदील आणखी जवळ आले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अरे वा, प्रबोध!” जगदीश सर आनंदानं ओरडले. “बाईंनी याला पण फोडलाय वाटतं! काय रे, तालीम कधी केलीस? आणि वहिनी तर काय... सुंदर! एकदम खरं वाटतंय!” कोणाच्या तरी कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला.

प्रबोधनं केस सोडले. नीताला वाटलं, आता तरी हा ओशाळेल. त्यानं हसून, कमरेत वाकून, सगळ्यांना नमस्कार केला.

टाळ्या वाढल्या. माणसं हसत हसत पुन्हा नदीकडे वळायला लागली. तो मागे फिरला, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं, घाईही नव्हती. पुन्हा हात उचलला, तेवढ्यात राधू मधे आली. दोन्ही हातांनी तिनं त्याच्या पायाला मिठी मारली. “पप्पा, स्टॉप! पप्पा, डोन्ट लाह!”

त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. पायात आलेलं मांजर झटकावं तसा उलटा हात फिरवला. मुलगी उडून ओल्या दगडांवर पडली. कंदील घरंगळत गेला. राधूनं तोंडाला हात लावला, हातावर बघितलं, जिभेनं चाटलं.

“आई,” ती आश्चर्यानं म्हणाली, “गोड नाही.”

नीता कधी उठली ते तिला कळलं नाही. बरगडी दुखली का, आठवत नाही. नारळाची शेंडी हातात होती एवढं मात्र आयुष्यभर आठवेल. लहानपणी आजा होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, खांद्यातून हात फिरवून, एका घावात. तसाच तिनं फिरवला. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळकी फांदी मोडते तसा. तो वळला. दुसरा घाव कानाच्या वर बसला. कवटी की करवंटी, काय तडकलं ते कळलं नाही. नारळाचं पाणी आणि रक्त एकदमच तिच्या मनगटावरून वाहिलं. प्रबोध भिंतीला घासत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

बोळाच्या तोंडाशी पुन्हा टाळ्या पडल्या. “वन्स मोअर!” कोणीतरी म्हणालं.

तिचा हात पुन्हा वर गेला होता. खाली आला असता. पण कोपऱ्यात लाल उजेड हलला. राधूनं चुरमडलेला कंदील शोधून काढला होता आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. रडत नव्हती. नुसती उभी होती, हात ताठ, ओठातून रक्त हनुवटीवर.

नीतानं हात खाली घेतला.

घोळक्यातून वाट काढत मॅडम कोह धावत आल्या. आधी मुलीजवळ गुडघे टेकून बसल्या, तिच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग उभ्या राहिल्या.

“ही माणसं माझी नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण टाळ्या थांबल्या. “खेळ संपला. पोलिसांना फोन करा. तुम्ही, टाळ्या वाजवत होतात ना? तुम्हीच करा.”

जगदीश सरांचे हात अजून टाळीसाठी उघडलेले होते. फोन शेवटी लतावहिनींनी केला. पोलीस यायच्या आत सर नीताजवळ आले आणि मराठीत, अगदी घरच्या माणसासारखं, म्हणाले, “वहिनी, पाय घसरला म्हणू या. दोघांचाही. घरातलं घरात राहील. त्याच्या पीआरचा प्रश्न आहे, तुमचा इथं राहायचा पासही त्याच्या नोकरीवरच आहे. मुलीचा विचार करा.”

“तोच केला, सर,” नीता म्हणाली. ओठ सुजल्यामुळे शब्द जाड येत होते. “चार वर्षं आमच्या घरी जेवायला येताय. माझ्या हातांवरचे डाग दिसले नाहीत तुम्हाला?”

सरांनी बायकोकडे पाहिलं. लतावहिनी दुसरीकडे बघत होत्या. त्यांना दिसले होते.

पोलीस आले, त्यांच्यात एक तरुण तमिळ इन्स्पेक्टर होता. प्रबोध स्ट्रेचरवरून ओरडत होता, “तिनं मारलं मला, वेडी आहे ती!” नीता म्हणाली, “हो, मी मारलं. दोनदा. आणि हिनं कंदील धरला नसता तर तिसऱ्यांदाही मारलं असतं. पण आधीचं सगळं सांगायचंय मला. चार वर्षांचं.”

“साक्षीदार?”

नीतानं नकारार्थी मान हलवली. बंद दारामागे कोण साक्षीदार असणार?

“पप्पांच्या खिशात बघा,” राधू इंग्रजीत म्हणाली. हात अजून वरच होते. “वॉच आहे. मारायच्या आधी ते वॉच काढतात. ऑलवेज.”

इन्स्पेक्टरनं खिशात हात घातला. घड्याळ निघालं. काचेवर ओरखडाही नव्हता. त्यानं ते बराच वेळ उलटसुलट पाहिलं, मग प्रबोधच्या मनगटावर घड्याळाखाली उन्हापासून झाकून राहिलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्हालाही यावं लागेल,” तो नीताला म्हणाला, पण हळू आवाजात. “आधी डॉक्टर. मुलगी तुमच्याबरोबरच राहील.” तडकलेला नारळ त्यानं हातमोजा घालून पारदर्शक पिशवीत टाकला. कुंकू आणि रक्त वेगळं ओळखू येत नव्हतं. “हे कशाला आणलं होतं?”

“दर्यासाठी,” नीता म्हणाली. “नवरा सुखरूप घरी यावा म्हणून देतात.”

त्यानं पिशवीचं तोंड बंद केलं.

मॅडम कोह बोळाच्या तोंडाशी वाकून सांडलेला भात गोळा करत होत्या, फुटलेल्या संत्र्याच्या जागी स्वतःच्या झोळीतलं दुसरं ठेवत होत्या. नीता दगडांवर बसली आणि तिनं राधूला मांडीत घेतलं. फ्रॉकच्या टोकानं तिची हनुवटी पुसली. पोरीच्या केसांना उदबत्तीचा वास येत होता.

“हात खाली कर गं, सोन्या. आल्या ना त्या. दुखतील हात.”

“पप्पा गेले?”

“जातायत.”

राधूनं मान हलवली आणि कंदील तसाच धरून ठेवला. हात थरथरायला लागले तेव्हा नीतानं खालून तिच्या कोपरांना आधार दिला. दोघी तशाच बसल्या. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं, निळा दिवा नदीच्या पाण्यावरून सरकत पुलापलीकडे गेला, आणि मग राधूनं कंदील खाली घेतला.