नखाची खूण

बाबांनी चाळीस वर्षं झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलं. रबरात गंधक मिसळून तापलेल्या साच्यात दाबायचं, याला ते 'शिजवणं' म्हणत. शिजलं की नाही हे त्यांना घड्याळ नव्हे, अंगठ्याचं नख सांगायचं. नख रुतवायचं, खूण लगेच भरून आली तर माल पक्का, राहिली तर कच्चा. हातांवर भाजल्याचे डाग इतके, की लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांचे हात असे असतात.

मी प्रयोगशाळेत विजेच्या जोरावर गंधकाचं पॉलिमर करते. भट्टी नाही, साचा नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. "विस्तवाशिवाय गंधक? अगं, विस्तवाशिवाय चहा तरी करून दाखव!" मग डोळे पुसत म्हणाले, "कर. माझ्या नखाखालून गेलं तर मानेन तुला."

नंतर त्यांची आठवण गळत गेली. आधी किल्ल्या, मग घरचा रस्ता, मग माझा धाकटा भाऊ, आणि गेल्या महिन्यात मी. आता ते रुग्णालयातल्या खिडकीजवळच्या खाटेवर असतात. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "त्यांच्या कामातली एखादी वस्तू हातात द्या. कधी कधी माणूस तेवढ्यापुरता परत येतो."

म्हणून मला त्यांच्या नखाखाली द्यायला माझ्या पॉलिमरचा एक तुकडा हवा होता. बाबांनी एकदा मला नावाने हाक मारावी, बाकी काही नको. एवढं हवं असूनही आत काही हलत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तशी मी महिनाभर सगळीकडून बधिर होते. जेवत होते, बस पकडत होते, लोकांच्या विनोदांना वेळेवर हसतही होते.

गुरुवारी मी काचेच्या भांड्यात गंधकाची पूड विरघळवली, कार्बनच्या दोन कांड्या सोडल्या आणि वीज चालू केली. द्रावण आधी लालसर झालं, मग गर्द निळं. त्यात गंधकाच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं द्रव्य थेंबथेंब घातलं. आता निळा रंग पार जाईपर्यंत थांबायचं. तोवर वीज बंद करायची नाही. नव्या मुलींना हे मीच दरडावून सांगते.

रुग्णालयात भेटीची वेळ चार ते पाच. साडेतीन वाजले तेव्हा तळाशी थोडा निळा रंग उरला होता, तो जायला अजून वीस मिनिटं लागली असती. 'एवढ्याने काय होतंय,' असं म्हणून मी बटण दाबलं. तपकिरी पिवळा गोळा धुतला, पुसला, डबीत घातला आणि निघाले.

बाबांनी तो गोळा हातात घेतला आणि त्यांची पाठ ताठ झाली. नाकाशी नेऊन वास घेतला. बोटांत फिरवला. मग अंगठ्याचं नख रुतवलं आणि डोळे बारीक करून वाट पाहिली. मीही पाहिली.

खूण तशीच राहिली.

"किती वेळ शिजवलं?" त्यांनी विचारलं. टायरच्या दुकानातला तोच आवाज.

"शिजवलं नाही, बाबा. विजेवर केलंय."

"काहीही असो. शेवटी घाई झालीय."

आत्ता जेवलो की नाही हे ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्या नखाने माझी वीस मिनिटं पकडली. मी खाली मान घालून "हो" म्हणाले.

त्यांनी गोळा माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"ताई, एक काम करा. माझी मुलगी हेच करते, विस्तवाशिवाय. फार हुशार आहे. ती आली तर हे कच्चं राहिलंय म्हणून सांगू नका. तिला लागेल."

"नाही सांगणार," मी म्हणाले. आणि मला लागलं.