शेवंती कमानीखालून जाते

घोडी भित्री नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ट्रकचा भोंगा वाजला तरी शेवंती कान हलवायची नाही, अन् हलगी ऐकली की पाय उचलायची. तिचं दुखणं एकच. डोक्यावर छत आलेलं तिला खपायचं नाही. अन् का खपावं? त्र्याण्णवच्या भूकंपात अख्खं माळवद तिच्यावर बसलं होतं.

तेव्हा ती एवढंसं शिंगरू होती. निलंग्याकडच्या त्या गावात औशाहून मदतीला आलेला खाजाचाचा माती उपसत होता. आडव्या पडलेल्या तुळईखाली त्याला बारा वर्षांची दामिनी सापडली, अन् तिच्या कुशीला शेजारच्या गोठ्यातलं हे शिंगरू. दोघी जित्या. दामिनीचा थोरला भाऊ संगमेश मात्र गेला. शिंगराचा धनीही गेला. मग दामिनीच्या बापानं, गुरुपादप्पानं, बायको-पोरीला घेऊन रेणापूर गाठलं, पत्र्याच्या शेडात किराणा दुकान मांडलं. शिंगरूही सोबत आलं, कारण दामिनी त्याला सोडेना.

तेव्हापासून पोर घरात झोपली नाही. पाऊस आला की पोतं पांघरून उंबऱ्यात बसायची. शाळेत दाराजवळचा बाक तिचा. गुरुपादप्पाही अंगणातच बाज टाकायचा, पण त्याला म्हणे उकडायचं. पौषाच्या थंडीतसुद्धा उकडायचं. बाप्या माणसाला कोण विचारतंय?

घोडे फिरवणं हा खाजाचाचाचा पिढीजात धंदा. दर रविवारी तो एस.टी.नं यायचा. शेवंतीची पाठ पक्की झाली तसं त्यानं दामिनीला वर बसवलं अन् ती पहिल्याच दिवशी तीनदा पडली.

"लगाम हातात धर बेटा, मुठीत नको," चाचा म्हणाला. "तू आवळलीस की तीबी अंग आवळून घेती."

वर्षभरात शेवंती अशी रेवाल चाल चालू लागली, की वर बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलू नये. मग दामिनीला एकच वेड लागलं. माळेगावच्या जत्रेत, घोड्यांच्या प्रदर्शनात, हजारो माणसांसमोर शेवंतीला फिरवायचं.

"कमानीचं काय करशील?" चाचानं विचारलं. रिंगणात जायची वाट पत्र्याच्या कमानीखालून होती.

बापाचं वेड निराळं होतं. कुठकुठली पोरं लातुरात क्लासला येऊन राहिली होती, अन् आपली दहावीतली हुशार पोर उशाशी लातूर असून नको म्हणते! पहाटेपासून क्लास, त्यामुळं वसतिगृहातच राहावं लागणार. अन् स्लॅबखाली राहायला पोर तयार नाही. गुरुपादप्पानं संधी साधली. जातिवंत दुकानदार तो.

"घोडी कमानीखालून गेली, तर तू लातूरला जायचं."

"हाव," दामिनी म्हणाली. शेवंतीवर जीवच तेवढा होता.

माळेगावला भंडाऱ्यानं सगळा माळ पिवळा झाला होता. घोडा म्हणजे खंडोबाचं वाहन, म्हणून म्हाताऱ्या बाया शेवंतीच्या पायावर डोकं ठेवत होत्या. शेवंती राणीसारखी उभी. पण नाव पुकारलं, कमान समोर आली, अन् तिनं चारी पाय रोवले. टाच मारून पाहिली, चुचकारून पाहिलं. वर पत्रा वाऱ्यानं कडकड वाजत होता. मागचे स्वार ओरडू लागले.

खरं सांगायचं तर दामिनीला आतून बरंच वाटलं. घोडी गेली नाही, तर लातूर टळलं. पण तिनं खाली वाकून पाहिलं, तर शेवंतीची मान घामानं भिजली होती. ही भीती दामिनीच्या ओळखीची होती. ती उतरली, लगाम सैल सोडला, एकटीच कमानीखाली गेली अन् घोडीकडं पाठ करून उभी राहिली. संगमेशची आठवण आली. तरी ती हलली नाही.

मग मानेवर ऊन श्वास आला. शेवंती तिच्या पाठीला कपाळ टेकून उभी होती.

दोघी पलीकडं गेल्या. दामिनी पुन्हा वर बसली अन् अशी रेवाल काढली, की ओरडणारे गप झाले. वाटेत उतरली म्हणून पंचांनी तिला बाद केलं. एका म्हातारीनं मूठभर भंडारा दोघींवर उधळला. कडेला गुरुपादप्पा टक लावून बघत होता, अन् खाजाचाचा डोळे पुसत होता. भंडारा गेला म्हणे डोळ्यात. हे बाप्ये सगळे असलेच.

जूनमध्ये बाप-लेक लातूरला आले. वसतिगृहाची खोली, वर कोरा स्लॅब. दामिनी दारातच थांबली. शब्द दिलेला होता, पण पाय उचलेना. मागं गुरुपादप्पा ट्रंक घेऊन उभा. आता हा कावणार, असं तिला वाटलं.

त्यानं ट्रंक खाली ठेवली. तिला वळसा घालून आत गेला अन् खोलीच्या मधोमध जाऊन तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. पंखा बंद होता, तरी त्याच्या धोतराचा सोगा थरथरत होता.

इतकी वर्षं बापाला उकडत नव्हतं, हे पोरीला आत्ता कळलं. तिचं मन भरून आलं. घोडीनं तिला शिकवलं होतं अन् तिच्याकडं बघून बाप शिकला होता. ती आत गेली, त्याच्या पाठीला कपाळ टेकलं.

"अप्पा, उकडायलंय का?"

"न्हाई," गुरुपादप्पा म्हणाला. "आज न्हाई."