पलंग ते न्हाणीघर

आमचे हे तीस वर्षं पोस्टमन. अख्खं गाव पायी पालथं घातलेला माणूस अर्धांगाच्या झटक्याने आडवा झाला, आणि मी त्यांना पुन्हा चालतं केलं. लाडीगोडीने नव्हे हं. पलंग ते न्हाणीघर बावीस पावलं. मी हात लावायची नाही, नुसती मागे चालायची. पडले तर? पडायचे. भिंतीला धरून उठायचे आणि मला शिव्या घालायचे. शेजारीण म्हणायची, ही बाई आहे का कैदाशीण! पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने मला बजावलं होतं, एकदा उचलायची सवय लावलीत की पाय गेलेच समजा. आणि सत्तरीच्या माझ्या कमरेत त्यांना उचलायचा जोर कुठला?

मग मुलगा-सून पंधरा दिवसांच्या रजेवर आले. आल्या आल्या चाकांची खुर्ची आणली. मुलगा बापाला अलगद उचलायचा, सून भरवायची. मी तोंड उघडलं तर मुलगा म्हणाला, "आई, म्हातारपणी तरी सुख लागू दे त्यांना." ह्यांची कळी काय खुलली म्हणून सांगू! येईल त्याला सांगत सुटले, पोरगा आला म्हणून माणसात आलो, हिने तर मला मारायलाच घेतलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी पंधरा दिवस गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

ते दोघं गेले त्या सकाळी ह्यांनी पाय खाली सोडले, पाय लटपटले, आणि हे जे बसले ते बसलेच. आठवडाभर मी जंग जंग पछाडलं. शेवटी एका सकाळी अंथरूण ओलं झालं. चादर ओढताना माझ्या कमरेत चमक भरली. हे म्हणाले, "तुला नाही जमायचं. पोराला बोलाव."

लावला फोन. ह्यांच्या उशाशी, स्पीकरवर. मुलगा म्हणाला, आता लगेच रजा कुठून मिळणार? मग हसला. "तू आहेस ना एवढी खमकी. चालव की त्यांना पूर्वीसारखं."

हे भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मला दया यायला हवी होती. नाही आली. मी मुलाला म्हटलं, नीट ऐकू आलं नाही रे, जरा मोठ्याने सांग. त्याने सांगितलं.