रिकामा रकाना

लसीकरणाच्या कार्डावर ‘बाळाचे नाव’ या शब्दांपुढची जागा साधारण सहा सेंटिमीटर लांब असते. आमच्या कार्डावर तिथे नऊ नावं पेन्सिलीनं लिहून खोडली होती. दहावं खोडताना कागद इतका झिजला, की मागच्या बाजूचा शिक्का पुढून वाचता येऊ लागला.

मुलगी तेव्हा साडेअकरा महिन्यांची होती. ती उभी राहायची, चावायची, आणि ‘बाळे’ म्हटलं की वळून पाहायची. शेजारची मांजरही पाहायची.

बारसं मात्र वेळेवर झालं होतं. बोरगाव मेघेतला हॉल, दीडशे माणसं, फुग्यांची कमान. कमानीखाली नावाच्या थर्मोकोलच्या अक्षरांसाठी जागा सोडली होती. ती तशीच राहिली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. मंजुषाताईंना नाव साधं हवं होतं, पण जिल्ह्यात दुसरं सापडायला नको होतं. असं नाव बाराव्या दिवसापर्यंत सापडलं नाही आणि माणसं तर जेवायची थांबलेली. ताई पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि म्हणाल्या, “नंतर सांगतो.” बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. पंगत बसली.

मग ताईंनी मोबाइलवर ‘नाव सुचवा’ नावाचा गट काढला. सभासद त्रेसष्ट, त्यात आमचा मोटारपंप दुरुस्त करणाराही. रोज संध्याकाळी माझा नवरा आदेश आलेली नावं मोठ्यानं वाचायचा.

“त्वियांशी,” एकदा त्यानं वाचलं.

“हे पोरीचं नाव हाय का फवाऱ्याचं औषध?” सासऱ्यांनी विचारलं. ते वांग्याची परडी निवडत होते.

“बाबा, आजकाल असंच असते.”

“असू दे ना. पण मी वावरात, पोरगी धुऱ्यावर. तिले हाक कशी मारू? तूच मारून दाखव.”

आदेशनं अंगणात जाऊन हाक मारली. दुसऱ्या अक्षरावर त्याला ठसका लागला.

“राहू दे,” सासरे म्हणाले. “तिले मिस कॉल देत जाईन.”

या अकरा महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. माझ्याकडे पोटुशी असल्यापासून एक नाव होतं. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही. मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते तिथल्या हजेरीत चार आराध्या आहेत, या नावाची एकही नाही. सासऱ्यांना ते वावरातून धुऱ्यापर्यंत, पार बांधापर्यंत, सहज पोचवता आलं असतं. पण मान आत्याचा, म्हणून मी गप्प होते. सुनेनं गप्प राहणं हा समजूतदारपणा, असं घरात सगळे म्हणत. म्हणणारे स्वतः कधी गप्प नसत.

वर्ष भरायला आठ दिवस उरले, तेव्हा जन्मदाखल्यात नाव घालायला आम्ही जन्मनोंदणीच्या खिडकीवर गेलो. आदल्या दिवशी ताईंनी गटात मतदान घेतलं होतं. त्वियांशी पुढे होती. ते नाव एकदा दाखल्यावर चढलं, की जन्मभर मुलगी ते लोकांना समजावून सांगत बसणार होती.

“नाव?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

आदेशनं मोबाइल पुढे धरला. व्हिडिओ कॉलवर ताई होत्या. “थांब रे, आदेश. दोन मतं यायची हायेत अजून.”

“मागं लाइन आहे, भाऊ,” बाई म्हणाल्या.

“ताई, लवकर सांग ना!”

“तू काऊन घाई करून राह्यला? गुलाबकाका टाइप करून राह्यले.”

मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आदेशच्या हातातला फॉर्म काढून घेतला.

“मोहिनी,” मोबाइलमधून ताईंचा आवाज आला, “मान माझा आहे.”

“होता ना, ताई. बारशात,” मी म्हणाले.

बाईंनी पेन उचललं. “बोला, नाव काय?”

“माधवी,” मी म्हणाले.